होतकरू मक्तेदारांसाठी पहिला धडा

मक्तेदारी म्हटलं की नवशिक्याला वाटतं, इतरांच्या वाटेत काटे पेरायचे. छे! काटे दिसतात. आपण वाटत सुटायचं, तेही फुकट.

सुरुवात मोबाइलपासून करा. अँड्रॉइडसारखी सिस्टीम मूळ कोडसकट मोफत द्या. फोन बनवणारा खूश झाला की हळूच सांगा, प्ले स्टोअर मात्र वेगळ्या करारावर मिळेल. ते नसलेला फोन गिऱ्हाईक हातातही धरत नाही, हे त्याला ठाऊक असतं. मग त्याच्यापुढे गठ्ठा ठेवा: सर्च, क्रोम, यूट्यूब, जीमेल, मॅप्स, अशी अकरा ॲप. घ्यायची तर सगळी, आणि सर्चची पट्टी पहिल्याच स्क्रीनवर. गॅसचं कनेक्शन हवं तर शेगडीही आमच्याकडूनच घ्या, म्हणणाऱ्या एजन्सीवाल्यांना लोक शिव्या घालत. त्यांचं चुकलं एवढंच, की त्यांनी शेगडीचे पैसे मागितले.

दुसरं कलम पाठच करा: सही करणाऱ्याने फेरफार केलेल्या अँड्रॉइडचा एकही फोन विकायचा नाही. ॲमेझॉनची फायर ओएस अशीच फेरफार केलेली. ती घालून फोन विकणं मोठ्या कंपन्यांना या कलमामुळेच जमलं नाही, असं युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये नोंदवलं. म्हणजे कलम चालतं.

स्वाध्याय: आईच्या फोनमधून एखादं मूळचं ॲप काढून बघा. ‘काढून टाका’ सापडणार नाही; ‘बंद करा’ सापडेल. बंद केलेलं ॲप घरातल्या रुसलेल्या माणसासारखं आतच बसून राहतं.

स्टोअरमधल्या ॲपच्या विक्रीवर १५ ते ३० टक्के घ्या. कुणी स्वतःचं बिलिंग वापरायचं म्हणाला तर उदार मनाने चार टक्के सोडा. पेमेंट गेटवेवाला काय घेतो ते त्याचं तो बघेल. मार्च २०२४ मध्ये फी थकवल्याबद्दल गुगलने नोकरी, भारत मॅट्रिमनी वगैरे ॲप स्टोअरवरून उतरवली होती. सरकारने लक्ष घातल्यावर काही दिवसांत ती परत चढली. लग्न आणि नोकरी या दोन गोष्टींना या देशात हात लावू नये, एवढा धडा घ्या.

दंड होईलच. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने गुगलला ऑक्टोबर २०२२ मध्ये एकाच आठवड्यात दोन ठोठावले: १,३३७.७६ कोटी आणि ९३६.४४ कोटी रुपये. घाबरायचं नाही, अपील करायचं. पहिला दंड न्यायाधिकरणात कायम राहिला, पण मूळची ॲप काढू देण्याच्या आदेशासह चार आदेश गळाले. दुसरा २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. अपिलाला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात लोक आणखी फोन घेतात.

जानेवारी २०२३ मध्ये भारतात ॲप सुटी द्यायचं आणि सर्च इंजिन निवडू द्यायचं गुगलला मान्य करावं लागलं. तुमच्यावर ही वेळ आली तर खुशाल यादी दाखवा. बोट ओळखीच्याच नावावर जातं. दाखवायला विसरू मात्र नका. ब्राउझरची अशी यादी विंडोजच्या एका अपडेटमधून गळाली, तर युरोपने २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला ५६.१ कोटी युरोंचा दंड केला. ‘तांत्रिक चूक’ हे कारण तेव्हाच वापरून झालंय. तुम्ही दुसरं शोधून ठेवा.