दीड हाताचे देशांतर

टेबलाच्या डाव्या टोकाला जुना संगणक, उजव्या टोकाला नवा आणि मध्ये चहाच्या कपाने व्यापलेले दीड हात अंतर, एवढ्याच भूभागात घडत असल्यामुळे हा प्रवास प्रवासवर्णनांत सहसा धरला जात नाही. वास्तविक सामान, नाका, चुकामूक आणि मुक्कामी पोचल्यावरचा पश्चात्ताप ही प्रवासाची सारी लक्षणे त्यात आढळतात, आणि त्याला एक अख्खा रविवार लागतो. प्रवासी असतो तो ‘यूजर अकाउंट’, म्हणजे संगणकाने माणसाच्या नावे उघडलेले खाते, ज्यात त्याचे नाव, पासवर्ड, अधिकार आणि सी ड्राइव्हवरील ‘यूजर्स’ या वसाहतीतले एक घर, अर्थात फोल्डर, यांचा समावेश होतो. ‘विंडोज 10’चे नियमित साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आणि ‘विंडोज 11’ला टीपीएम 2.0 ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय संगणकात असावी लागते, त्यामुळे धडधाकट यंत्रांतल्या रहिवाशांवरही बिऱ्हाड हलवण्याची वेळ आली.

नव्या गावात पहिला घाला नावावर पडतो. ईमेलच्या पत्त्याने प्रवेश करणाऱ्याच्या घरावर विंडोज त्या पत्त्याची पहिली पाचच रोमन अक्षरे कोरते. त्यामुळे पुरुषोत्तम नावाचा गृहस्थ पलीकडे ‘पुरुस’ होऊन उतरतो, आणि ही पाटी मागाहून बदलणे सदाशिव पेठेतली पाटी बदलण्याहून अवघड असते.

सामान बांधताना डोळ्यांना दिसते तेवढेच उचलले जाते. ‘अ‍ॅपडेटा’ हा फोल्डर विंडोजने मुळातच लपवून ठेवलेला असल्यामुळे तो मागे राहतो, आणि त्याच्या पोटात ‘रोमिंग’ म्हणजे ‘भटका’ असे नाव असलेला एक उपफोल्डर असतो. कचेरीच्या जाळ्यात वापरकर्ता ज्या संगणकावर बसेल तिथे त्याच्या आवडीनिवडी त्याच्या मागोमाग याव्यात, या हेतूने तो निर्माण केला गेला. ज्याचा जन्मच फिरण्यासाठी झाला, नेमका तोच घरी विसरला जावा, याला दैवयोगापलीकडे दुसरा शब्द नाही. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट मात्र हटकून येतात. शॉर्टकट म्हणजे प्रोग्रॅमकडे बोट दाखवणारी पाटी असल्यामुळे पाट्या पोचतात आणि दुकाने मागेच राहतात.

वाहन म्हणून बहुधा पेन ड्राइव्ह निवडला जातो. त्यावरील मांडणी ‘फॅट 32’ या जुन्या पद्धतीची असेल, तर फाइलचा आकार नोंदवण्याचा रकाना 32 बिटांचा असल्यामुळे 4 जीबीची एकसंध फाइल त्यात मावत नाही; परिणामी 32 जीबीची गाडी रिकामी उभी असूनही लग्नाच्या चित्रफितीला, एसटीच्या दारात अडलेल्या पत्र्याच्या पेटीप्रमाणे, फलाटावरच राहावे लागते. वेळेचा अंदाज सांगणारी खिडकी हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. मोठी फाइल जलद लोकलसारखी सुटते, हजारो चिमुकल्या फायलींपैकी प्रत्येकीची स्वतंत्र नोंद करावी लागत असल्यामुळे त्यांची गाडी दर स्थानकावर थांबते, आणि खिडकी त्या त्या क्षणाच्या वेगावरून हिशेब मांडत असल्यामुळे उरलेली ‘4 मिनिटे’ बघता बघता ‘3 तास’ होतात.

काही साहसी प्रवासी जुनी डिस्कच काढून नव्या संगणकाला जोडतात आणि तेथे मालकी हक्काच्या वादात सापडतात. विंडोजच्या लेखी माणसाचे नाव गौण असून ‘एस-1-5-21’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक हीच त्याची खरी ओळख असते, नव्या संगणकावर तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला तरी क्रमांक निराळा मिळतो, आणि फायलींच्या सातबाऱ्यावर जुनाच क्रमांक राहिल्यामुळे पुरुषोत्तमाला स्वतःच्या मुलीच्या बारशाचे फोटो पाहण्यास परवानगी नाकारली जाते. प्रशासकाचे अधिकार वापरून मालकी आपल्या नावे करून घेता येते; तलाठ्याकडे जावे लागत नाही, एवढाच काय तो दिलासा.

मराठी प्रवाशाच्या नशिबी मात्र याहून बिकट घाट असतो. युनिकोडची, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, पहिली आवृत्ती 1991 साली देवनागरीसह निघाली, तरी त्यानंतरही वर्षानुवर्षे मराठी मजकूर अशा फॉन्टांत टंकला गेला, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे नुसते आकार बसवलेले असत. असा फॉन्ट बहुधा ‘विंडोज’ फोल्डरात, म्हणजे वापरकर्त्याच्या घराबाहेर, राहत असल्यामुळे फायली येतात आणि फॉन्ट येत नाही. मग सोसायटीच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त उघडावे, तर पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चौकोनी कंस यांची खिचडी दिसते. ‘श्री’च्या जागी एखादे उपरे चिन्ह बसलेले असते आणि खजिनदारांच्या नावात मधेच टक्क्याची खूण उगवते, जी काही सभासदांना सूचक वाटण्याचा संभव असतो. मजकूर यात नष्ट झालेला नसतो; जुन्या संगणकातून तो फॉन्ट आणून बसवला किंवा परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये नेला, की सभा पुन्हा मराठीत भरते.

फॉन्टाची ही उणीव पोचल्या दिवशी लक्षात येत नाही. ती जुने इतिवृत्त कोणी मागेल त्या दिवशी येते. तेव्हा जुन्या संगणकाची डिस्क निदान पुढच्या वार्षिक सभेपर्यंत पुसू नये, आणि भंगारवाल्याला त्यानंतरची तारीख द्यावी.