जिन्यातला दिवा आणि ४९ दिवसांचे मिनिट

सोसायटीच्या जिन्यातला दिवा माणूस आला की लागावा आणि तो गेल्यावर मिनिटभराने विझावा, हा ठराव सर्वसाधारण सभेत विनाचर्चा मंजूर होण्याइतका निरुपद्रवी असतो. तो अमलात आणण्याचे काम मात्र एखाद्या हौशी सभासदाच्या गळ्यात पडते, कारण त्याच्या घरी आर्डुइनो उनो असल्याचे सर्वांना ठाऊक असते. आर्डुइनो हे मायक्रोकंट्रोलरचे, म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेल्या चिमुकल्या संगणकाचे, तयार बोर्ड असून ते २००५ साली इटलीतील इव्रिया येथे विद्यार्थ्यांसाठी सिद्ध झाले. उनोवरील चिपचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देत असले, तरी चालू हिशेबासाठी तिच्यापाशी जेमतेम २ किलोबाइट जागा असते, जिच्यात सोसायटीच्या इतिवृत्ताचे एक पानही धड मावणार नाही.

माणूस आल्याची वर्दी पीआयआर सेन्सर देतो. पांढऱ्या घुमटाकृती भिंगामागे बसलेला हा सेन्सर माणूस पाहत नाही, तर अंगातून निघणाऱ्या अवरक्त किरणांतला बदल तेवढा टिपतो. त्यामुळे जिन्याच्या वळणावर निश्चल उभे राहून पाण्याच्या वेळांची चर्चा करणारे दोन ज्येष्ठ सभासद त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतात, आणि दिवा गेल्यावर त्यांनी चिडून हातवारे केले की ते पुन्हा अस्तित्वात येतात. नागपूरच्या मे महिन्यात भिंतच अंगाइतकी तापली, तर त्याला भिंत आणि सभासद यांतला फरक कळणे अवघड होते, आणि त्याबद्दल त्याला बोल लावणे अन्यायाचे ठरेल.

खरी गंमत वेळेची आहे. हौशी सभासद प्रथम ‘डिले’ ही आज्ञा वापरतो. तिचा अर्थ, सांगितलेले मिलिसेकंद हातावर हात ठेवून बसणे. ३० गुणिले १००० लिहिले की दिवा अर्ध्या मिनिटाने शहाण्यासारखा विझतो. म्हणून पूर्ण मिनिटासाठी ६० गुणिले १००० लिहावे, तर उनो साधा पूर्णांक १६ बिटांत ठेवत असल्याने ३२,७६७ च्या पलीकडे त्याची मजल जात नाही. ६०,००० चे उलटून उणे ५,५३६ होतात, आणि ‘डिले’ला उणे संख्या ठाऊक नसल्यामुळे तिच्या ३२ बिटांच्या खान्यात शिरताच त्यांचे ४२९ कोटींहून अधिक मिलिसेकंद, म्हणजे ४९ दिवस १७ तास होतात. गणेश चतुर्थीला लागलेला दिवा अशा रीतीने वसुबारसेच्या तोंडावर विझतो, आणि दरम्यान खजिनदार वीजबिल घेऊन दारात उभे असतात. उपाय म्हणजे १००० च्या पुढे ‘यूएल’ ही दोन अक्षरे जोडणे, ज्यांचे माहात्म्य खजिनदारांना पटवणे अशक्य असते.

एवढ्यानेही भागत नाही, कारण ‘डिले’ चालू असताना चिपचे सेन्सरकडे लक्षच नसते आणि पन्नासाव्या सेकंदाला जिना चढू लागलेल्या गृहस्थांवर दहा सेकंदांत अंधार पडतो. जाणकार म्हणून ‘मिलिस’ वापरतात: चिप सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद तीत मिळतात, शेवटच्या हालचालीची वेळ टिपून ठेवायची आणि आताच्या वेळेतून ती वजा करून मिनिट भरले का, हे पाहत राहायचे. ही मोजणीही ४९ दिवसांनी शून्यावर येते, पण वजाबाकी मात्र तरीही बरोबर उतरते. विंडोज ९५ ही प्रणाली अशाच मोजणीपायी तितक्याच दिवसांनी गोठू शकत असे, परंतु ती इतके दिवस सलग चालू ठेवण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभले.

दिवा बिनचूक चालू लागल्यावरच्या पुढील सभेत तो मांजरासाठी लागू नये अशी सूचना येते, आणि तिला तत्काळ अनुमोदनही मिळते.