एक मेल टाकून ठेवा

मुलगा झाला म्हणून पेढे आणा की मुलगी झाली म्हणून बर्फी, मेलरावांचा पहिला प्रश्न ठरलेला: "एचआरला मेल टाकला का?" बाप बिचारा रात्रभर हॉस्पिटलच्या बाकड्यावर जागलेला असतो. बाळाचं नाक कोणावर गेलंय हे त्याला सांगायचं असतं. मेलराव त्याला सांगतात की ग्रुप मेडिक्लेममध्ये बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर असलं, तरी ठरलेल्या मुदतीत, बहुधा तीस दिवसांत, ते पॉलिसीवर चढवावं लागतं. बारसं व्हायचंय? हरकत नाही, 'बेबी ऑफ' लिहून पुढे आईचं नाव घाला, पण मेल आजच टाका. एवढं झाल्यावर ते पेढा तोंडात टाकतात.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत दर दोनचार सोसायट्यांमागे असा एक गृहस्थ असतोच. हे लोअर परळला, गिरणी पाडून उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत, बड्या इन्शुअरन्स ब्रोकिंग कंपनीत असतात. लिफ्टमध्ये ते शिरले की बाकीचे मोबाइलमध्ये डोकं खुपसतात, कारण आता हा पॉलिसी गळ्यात मारणार अशी सगळ्यांची खात्री असते. मेलरावांनी आजवर कुणा शेजाऱ्याला काही विकलेलं नाही. कारखाने, गोदामं, जहाजावरचा माल आणि दोनदोन हजार कर्मचाऱ्यांचे मेडिक्लेम यांतून त्यांना तुमच्या-आमच्याकडे वळायला फुरसतच नसते. ते फक्त फुकट सल्ला देतात, आणि तो विकत घेतलेल्या पॉलिसीपेक्षा जास्त दमवतो.

लग्नाच्या पंगतीत ते नवऱ्या मुलाला गाठतात आणि हनिमूनआधी बायकोचं नाव पॉलिसीत घालण्याचा मेल टाकायला सांगतात. आजाऱ्याला भेटायला गेले की आधी खोलीवर नजर फिरवतात. तीन लाखांची पॉलिसी आणि खोलीभाड्याला एक टक्क्याची मर्यादा, म्हणजे दिवसाला तीन हजार. तुम्ही घेतलीत सहा हजारांची खोली. आता नुसतं भाडं नव्हे, डॉक्टरांच्या फीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंतचे खर्चही निम्मे कापले जातील. पेशंटचा रक्तदाब तिथल्या तिथे वाढतो. गणपतीत जावं, तर किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाच्या रांगेत लोक मूर्तीवरच्या सोन्याबद्दल बोलत असतात आणि हे सांगत असतात की २०२५ साली मंडळानं घेतलेल्या ४७४ कोटी ४६ लाखांच्या विम्यातला मोठा हिस्सा सोन्याचा नाहीच, तो स्वयंसेवक, पुजारी, आचारी यांच्या अपघात विम्याचा आहे. मूर्ती समोर आल्यावर हात मात्र मनापासून जोडतात. देवाला मेल टाकता येत नाही हे त्यांना मान्य आहे.

घरी हा प्रकार आणखी पुढे गेलेला. बायकोनं "येताना कोथिंबीर आणा" म्हटलं की "मेसेज कर" असं उत्तर येतं. जुडी पिवळी निघाली तर फोटो काढून ठेवला जातो. सोसायटीच्या सभेत टाकीच्या गळतीवर सगळे तावातावानं बोलत असताना एक शांत आवाज येतो, "हे सेक्रेटरींना मेलवर कुणी कळवलंय का?" कुणीच कळवलेलं नसतं. सभा तिथेच बसते.

ही खोड जन्मजात नव्हे, धंद्यानं लावलेली आहे. एजंट विमा कंपनीचा माणूस. ब्रोकर कायद्यानं ग्राहकाचा. विमा नियामकानं २००२ साली ब्रोकरांसाठी नियम केले, तेव्हापासून ही जात आपल्याकडे अधिकृत झाली. पण ग्राहकाच्या या माणसाचा मेहनताना विमा कंपनी देते, तोही प्रीमियमच्या टक्केवारीनं. म्हणजे मेलराव दर ठरवणाऱ्या अंडररायटरशी आठवडाभर भांडून ग्राहकाचा प्रीमियम जेवढा खाली आणतील, तेवढीच कात्री त्यांच्याच कंपनीच्या कमाईला लागते. २००७ च्या जानेवारीत टॅरिफ, म्हणजे बांधून दिलेले दर, उठलं, आगीच्या विम्याचे दर मोकळे झाले, आणि तेव्हापासून दर वर्षी ग्राहकाला गेल्या वर्षीपेक्षा स्वस्त हवं असतं. "मागच्या वर्षी एकही क्लेम झाला नाही, सगळे पैसे पाण्यात," असं कारखानदार हळहळतो. कारखाना जळला नाही याचं एवढं दुःख दुसऱ्या कुठल्याही धंद्यात पाहायला मिळणार नाही.

ऑफिसात प्लेसमेंटवाले पॉलिसी मिळाली की केक कापतात आणि क्लेम आला की जेवायला गेलेले असतात. फोन येतो तो मेलरावांना. तेव्हा प्रत्येक ग्राहकाचं वाक्य एकच असतं: "तुम्हीच म्हणाला होतात, हे कव्हर आहे." ब्रोकरनं स्वतःच्या चुकांचा विमा काढलाच पाहिजे असा नियम आहे, तो विमा आपल्यामुळे वापरायची वेळ येऊ नये म्हणून मेलरावांच्या हाताला 'सेंड'ची सवय लागली.

३१ मार्चच्या रात्री त्यांना पाहावं. ढीगभर फायर पॉलिसी बाराच्या ठोक्याला संपणार असतात. प्रीमियम आधी मिळाल्याशिवाय विमा कंपनीनं जोखीम घ्यायची नाही, असं १९३८ च्या विमा कायद्याचं ६४ व्हीबी हे कलम सांगतं. मेलरावांना ते तोंडपाठ, ग्राहकाच्या अकाउंट्सवाल्याला त्याचा पत्ता नाही.

"पेमेंट सोडलंय, साहेब."

"यूटीआर नंबर?"

"येतोय."

"मेल टाका."

पावणेबाराला यूटीआर, म्हणजे पैसे निघाल्याचा बँकेचा क्रमांक, येतो. त्या इमारतीत तेवढ्या रात्री मोठी माणसं एका आकड्यासाठी एकमेकांना मिठ्या मारतात.

पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं, तेव्हा हेच गृहस्थ बनियनवर खाली धावले होते, "कुणी गाडी सुरू करू नका!" असं ओरडत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून त्यांना हे ठाऊक आहे: बुडालेल्या गाडीला चावी दिली की इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि त्या इंजिनाचा खर्च साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. ज्यांनी ऐकलं त्यांच्या गाड्या टो होऊन गॅरेजला गेल्या आणि क्लेम पास झाले. ज्यांनी ऐकलं नाही ते अजून मेलरावांशी बोलत नाहीत. न ऐकणारे का रुसले, हे कोडं कुणाला सुटलेलं नाही.

मात्र बरोबर असण्याची किंमत त्यांनी एकदा चांगलीच मोजली. भिवंडीचा एक कारखानदार, जुना ग्राहक. माल आणि यंत्रं दहा कोटींची, विमा सहा कोटींचा, प्रीमियम वाचवायला. रक्कम वाढवा म्हणून मेलराव दर रिन्युअलला मेल टाकत, उत्तरात मालक दर वर्षी अंगठा पाठवत. मग आग लागली आणि एक कोटीचं नुकसान झालं. अशा वेळी ॲव्हरेज लागतं: साठ टक्के विमा, तर साठ टक्केच भरपाई. चाळीस लाख मालकाच्या खिशातून गेले. भरल्या मीटिंगमध्ये तो कडाडला, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही!" मेलरावांनी तीन वर्षांचे मेल अंगठ्यांसकट पडद्यावर दाखवले. सर्व्हेयर खाली मान घालून हसला. मालक हसला नाही.

पुढच्या वर्षी टेंडर निघालं. ब्रोकर बदलल्याचं कळवणारा दोन ओळींचा मेल आला, त्यात आभारांची ओळ कॉपी-पेस्ट केलेली होती. फॉन्ट वेगळा होता. मेलरावांनी एक दिवस डबा उघडला नाही. मग चौदा जुने क्लेम, प्रत्येकाची अडलेली कागदपत्रं आणि कुठल्या सर्व्हेयरला केव्हा फोन करावा याच्या टिपा, असा सगळा संसार नीट लावून नव्या ब्रोकरच्या हवाली केला. असलं काही कुणी करत नाही. वरिष्ठांनी तसं सुनावलंही.

ऑगस्टमध्ये कामवारी नदीचं पाणी त्या भिवंडीच्या कारखानदाराच्या गोदामात शिरलं. पहाटे तीनला तिथल्या स्टोअरकीपरनं फोन लावला तो यांनाच. नव्या ब्रोकरचा नंबर कुणी त्याला दिलाच नव्हता. "मेल टाकू का साहेब?" त्यानं विचारलं. मेलराव खेकसले, "मेल राहू दे! आधी मेन स्विच बंद कर." मग जवळजवळ तासभर ते त्याच्याशी बोलत राहिले. कोरडा माल वर चढव. भिजलेला वेगळा काढ, पण सर्व्हेयर बघेपर्यंत त्यातलं काही फेकू नकोस. भिंतीवर पाणी कुठवर आलं तिथे खडूनं रेघ मार आणि फोटो काढ. तू गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नकोस, खोक्यांचा विमा आहे.

बायकोनं दिवा लावला. "गेलेत ना ते लोक सोडून? आता तुमचा काय संबंध?"

"अगं, दुसरा रॅक अजून कोरडा होता," मेलराव म्हणाले आणि नव्या ब्रोकरचा नंबर शोधायला लागले.