एफ.ई.च्या नवागतांस सूचना

कॅपच्या सगळ्या फेऱ्या पार करून परभणी, सांगोला किंवा शहाद्याहून पुण्यात उतरलेल्या प्रथम वर्ष अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम आपल्या अभ्यासक्रमाचा पॅटर्न पाठ करावा. रोल नंबर विसरला तरी चालेल. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१२, २०१५, २०१९ आणि २०२४ असे पॅटर्न काढले असून, अप्पा बळवंत चौकातला पुस्तकवाला सोयरिकीत गोत्र विचारावे तसा आधी तोच विचारतो. जुन्या पॅटर्नचे पुस्तक निम्म्या किमतीत मिळते. ते इतके स्वस्त का होते, हे परीक्षेच्या आदल्या रात्री कळते.

रॅगिंगची भीती बाळगू नये. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ चा कायदा आहे आणि यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी व पालक या दोघांनाही हमीपत्र द्यावे लागते. म्हणजे ज्या मुलाने शेजारच्या कॉटवरच्या मुलाला अजून नावदेखील विचारलेले नाही, तो कोणाचाही छळ करणार नाही, असे तीर्थरूपांनी आधीच लिहून दिलेले असते.

निवासाबाबत फार बोलण्यासारखे नाही. कॉट बेसिस म्हणजे कॉट. शिक्षण चार वर्षांचे आणि करार अकरा महिन्यांचा असतो. दोहोंचा मेळ घालायचे काम एजंटाकडे सोपवावे.

भोजनाचा विषय मात्र गंभीर आहे. मेस लावण्यापूर्वी पोळ्यांचा आकार न पाहता खाड्याचे नियम वाचावेत. आपण न जेवलेल्या जेवणाचे पैसे परत मिळण्याची जी तात्त्विक शक्यता असते, तिला खाडा म्हणतात. तो आदल्या दिवशी सांगावा लागतो, सलग इतके दिवस असेल तरच धरला जातो, आणि ‘इतके’ म्हणजे किती हे काकांच्या वहीत असते. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तो खाडा नव्हे. दुपारच्या फीस्टला गुलाबजाम दोनच मिळतील, या पाटीवर हुज्जत घालू नये. ज्याला इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्समधले पार्शल डिफरन्शिएशन कळत नाही, त्यालाही डिसेंबरपर्यंत खाड्याचे गणित तोंडी येते. विद्यापीठाने त्याचे क्रेडिट का देऊ नयेत, हा प्रश्न सिनेटमध्ये कोणीतरी विचारायला हवा.

मेसवाल्या काकूंना मात्र पहिल्याच आठवड्यात नीट ‘काकू’ म्हणावे. आजारपणात वरणभाताचा डबा वर येतो तो नियमांत बसत नाही.

आता मुख्य विद्येकडे वळू. इंजिनीअरिंग ग्राफिक्सची शीट काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला ड्राफ्टर लावून, प्रश्न वाचून, प्रोजेक्शन समजून घेऊन काढण्याचा. तो आमच्या माहितीत कोणी अवलंबलेला नाही. दुसरा म्हणजे जीटी, अर्थात ग्लास ट्रेसिंग. त्यासाठी काच हवी. टीपॉयची काच उत्तम. खिडकीची निघत असेल तर घरमालक गावाला गेल्यावर काढावी. दोन्ही बाजूंना पुस्तकांचे थर रचावेत (पाठ्यपुस्तकांचा हा उपयोग कमी लेखू नये), त्यांवर काच ठेवावी, खाली दिवा लावावा, मूळ शीटवर कोरी शीट टाचून घ्यावी आणि पहाटे तीनपर्यंत गिरवावे. मूळ शीट कोणाची, हे विचारू नये. ती ज्याने दिली त्यानेही ती गिरवलेलीच असते. अशा मागे मागे गेल्यास एक आद्य विद्यार्थी सापडतो, ज्याने ती खरोखर काढली होती, असे मानतात. तो पुढे कुठे गेला याबद्दल मतभेद आहेत.

जीटीत तीन पथ्ये पाळावीत. शीट उलटी टाचू नये. आपल्याकडे फर्स्ट अँगलने शिकवतात, पण आरशातला अँगल कोणीच शिकवत नाही. मूळ शीटमधली चूक सुधारू नये. साठ जणांची रेघ चुकलेली असताना एकट्याची बरोबर आली, तर तोच चौकशीत सापडतो. आणि गिरवण्याच्या भरात टायटल ब्लॉकमधले नाव गिरवू नये. दरवर्षी एक जण गिरवतो. सर त्यावरही सही करतात, हा भाग वेगळा.

कारण सबमिशन म्हणजे मुळात सही. लिहिणे गौण आहे. सर कॅन्टीनमध्ये चहा घेऊन येताना भेटले तर सही होते, चहाला निघालेले असताना होत नाही. फाइलमध्ये पाने पुष्कळ असावीत. वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब घासताना तो बसेपर्यंत घासावा, त्यापुढे घासल्यास पुन्हा पहिल्यापासून. हजेरी ७५ टक्के लागते. ती कमी पडल्यास डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव झळकते आणि आयुष्यात प्रथमच नोटीस बोर्डासमोर आपल्यामुळे गर्दी होते.

हजेरी कमी पडण्याचे एकच सन्मान्य कारण आहे, ते म्हणजे ‘पुरुषोत्तम’. महाराष्ट्रीय कलोपासक ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून घेते. एफ.ई.च्या मुलास त्यात भूमिका मिळत नाही. त्याने लेव्हल्स उचलाव्यात, खिळे आणावेत, चहाचा हिशोब ठेवावा आणि भरत नाट्य मंदिरात घसा बसेपर्यंत ‘आवाज कुणाचा’ ओरडावे. घसा बसल्यामुळे दुसऱ्या दिवशीची ओरल बुडाल्यास तो कलेसाठी केलेला त्याग समजावा. घरी सांगताना शब्द बदलावेत.

अभ्यास पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या सुट्टीत करावा. उत्तीर्ण होण्यास १०० पैकी ४० पुरतात, त्याहून अधिक मिळवणाऱ्याशी वैर धरू नये. त्याच्याच नोट्स झेरॉक्सच्या दुकानात असतात.

वर्ष संपल्यावर ड्राफ्टर ज्युनिअरला विकावा. शीट्सचा गठ्ठा सोबत फुकट द्यावा, म्हणजे ड्राफ्टरची किंमत पाडून मागायला त्याची जीभ रेटत नाही. पैसे मात्र रोख आणि आधी घ्यावेत. एफ.ई.च्या मुलाच्या खिशात वीस तारखेनंतर काय असते, हे आपणांस सांगायला नको.