हात दाखवून अवलक्षण

‘द लेजंड ऑफ झेल्डा : स्कायवर्ड सोर्ड’ हा निन्टेन्डोचा व्हिडिओ गेम १८ नोव्हेंबर २०११ रोजी युरोपात, दोन दिवसांनी उत्तर अमेरिकेत आणि २३ नोव्हेंबरला जपानमध्ये विक्रीस आला. त्यावरच्या प्रतिक्रिया मात्र जवळपास दीड वर्ष आधीच बाजारात आल्या होत्या. जून २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात झेल्डा मालिकेचे जनक शिगेरु मियामोतो स्वतः मंचावर आले. त्यांनी हातातला रिमोट फिरवला, आणि पडद्यावरचा नायक लिंक काही वेळ स्वतःच्या मर्जीने वागत राहिला. सभागृहात बिनतारी लहरींची गर्दी झाल्यामुळे असे घडले, असा खुलासा झाला. तो खराही असावा. पण खेळाडूंची त्यामुळे कायमची सोय झाली. ज्याने हे विश्व निर्माण केले त्याचाच वार चुकतो, तिथे आपला चुकला तर दोष आपला कसा?

खेळाची कथा साधी आहे. ढगांवर तरंगणाऱ्या स्कायलॉफ्ट नावाच्या बेटावर लिंक आणि झेल्डा राहतात. झेल्डा वादळात सापडून खालच्या जगात पडते आणि लिंक तलवार घेऊन तिच्या शोधात उतरतो. मालिका १९८६ साली सुरू झाली. पंचविसाव्या वर्षी आलेला हा भाग कथाक्रमात मात्र सर्वांत आधीचा आहे, आणि मालिकेतली प्रसिद्ध ‘मास्टर सोर्ड’ कशी घडली हे त्यात कळते. निर्माते एइजी आओनुमा, दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी. खरी नवलाई कथेत नव्हती, मनगटात होती. बटण दाबले की तलवार चालायची, हा पूर्वीचा रिवाज. इथे उजव्या हातातला, ‘वी’ या निन्टेन्डोच्या यंत्राचा रिमोट जसा फिरेल तशी तलवार फिरते. आडवा, उभा, तिरपा असे आठ दिशांचे वार, आणि त्याखेरीज भोसकणे. डाव्या हातातला नन्चक हा जोड-नियंत्रक झटकला की ढाल पुढे येते. दोन्ही हात एकदम हलवले की गरगरता वार. यासाठी वी मोशनप्लस, म्हणजे २००९ साली आलेले जायरोस्कोपचे उपकरण, सक्तीचे होते. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांची पहिली प्रतिक्रिया खिशातून उमटली.

हा खेळ हाती घेणाऱ्या खेळाडूची जडणघडण समजून घेण्यासाठी २००६ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी वी हे यंत्र बाजारात आले आणि दिवाणखान्यात टेनिस खेळता येऊ लागले. उत्साहाच्या भरात रिमोट हातांतून निसटू लागले आणि बहुधा घरातल्या सर्वांत महागड्या वस्तूवर जाऊन आदळू लागले. तेव्हा कंपनीला सुमारे ३२ लाख मनगटी दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या. नवी दोरी ०.६ ऐवजी १ मिलिमीटर जाडीची होती. पुढच्या वर्षी रिमोटला रबरी अंगरखाही फुकट मिळाला. ही सारी तजवीज उभ्याने, जीव तोडून खेळणाऱ्या माणसासाठी होती. तोवर त्या माणसाला एक शोध लागला होता. चेंडू मारायला खांदा लागत नाही, मनगटाचा किंचित झटका पुरतो, आणि झटका आडवे पडूनही देता येतो. पहिल्या वीतला त्वरणमापक झटका ओळखायचा, त्यामागची मेहनत नाही. त्यामुळे अंग हलवण्यासाठी काढलेले यंत्र अल्पावधीत सोफ्यावर लोळून चालवण्याचे यंत्र झाले. मानवी आळसाच्या इतिहासात या कामगिरीची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

‘स्कायवर्ड सोर्ड’ने घाला घातला तो नेमका या सोफ्यावर. जायरोस्कोपला हाताचा कोन कळतो, आणि ज्याला कोन कळतो त्याला फसवता येत नाही. डेकू बाबा ही मांसाहारी वनस्पती तोंड कधी आडवे उघडते, कधी उभे. त्याच दिशेने वार केला तर ती मरते, नाहीतर चावते. बोकोब्लिन नावाचे राक्षस हत्यार एका बाजूला धरून उभे राहतात आणि मोकळ्या बाजूने मारले तरच पडतात. एका मंदिरात दारावर डोळा आहे. त्याच्यासमोर तलवार गोल गोल फिरवली की तो गरगरतो आणि दार उघडते. खेळाडूच्या दृष्टीने हा कूटप्रश्न असतो. घरातल्या इतरांना दिसते ते एवढेच, की एक प्रौढ, कमावता इसम टीव्हीसमोर उभा राहून हवेत जिलब्या पाडतो आहे.

सर्वांत जास्त शिव्या घिराहिमने खाल्ल्या. पांढऱ्या केसांचा, नटवा, स्वतःच्या सौंदर्यावर खूश असलेला हा खलनायक पहिल्याच भेटीत लिंकची तलवार दोन बोटांत पकडतो. तलवार जिकडे धरावी तिकडे त्याचा हात जातो. उपाय असा की तलवार एका बाजूला धरून त्याला भुलवायचे आणि चपळाईने दुसऱ्या बाजूने वार करायचा. पण त्यासाठी मनात एक आणि हातात दुसरे ठेवावे लागते, आणि दिवसभर कचेरीत हेच करून आलेल्या माणसालाही संध्याकाळी ते जमत नसे. शिवाय एक तांत्रिक भानगड होती. उजवीकडून मारायचे म्हणून हात घाईने उजवीकडे न्यावा, तर यंत्र त्या नेण्यालाच वार समजे. तलवार भलत्या बाजूने सुटे आणि घिराहिम ती हसत हसत पकडे.

इथून खेळाडूंत दोन पंथ झाले. एक म्हणे, यंत्र ऐकत नाही. दुसरा म्हणे, यंत्र ऐकते, तुम्हालाच बोलता येत नाही. हात सावकाश न्या, मग जोरात मारा, आणि भरकटल्यासारखे वाटले तर पुन्हा मध्यावर आणा. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण पहिल्या पंथाला लावण्याचा मोह दुसऱ्याला अनावर होता, पण ती पुरती लागू होत नाही. अंगण अधूनमधून खरोखरच वाकडे होत असे. जायरोस्कोपचा अंदाज हळूहळू ढळतो. त्यामुळे समोर रोखलेल्या रिमोटचे निशाण पडद्याच्या कोपऱ्यात सरकत जाई, आणि ते जागेवर आणायला कंपनीने स्वतंत्र बटणच दिले होते. वाकड्या अंगणाबरोबर ते सरळ करण्याची कळही देणारा कंत्राटदार विरळाच. पहिल्या पंथाला हा कबुलीजबाब वाटला, दुसऱ्याला सेवाभाव.

तलवारीवर हे सरणारे नव्हते. पक्ष्यावर बसून उडायचे तर रिमोट कलवायचा आणि पंख मारायला तो झटकायचा. पोहायचे तर कलवायचा, दोरीवरून चालताना तोल सांभाळायला कलवायचा, बॉम्ब खालून घरंगळवायचा की वरून फेकायचा तेही हातानेच ठरवायचे, वीणा वाजवायची तर तो डोलवायचा. एका कसोटीत पुराने भरलेल्या जंगलात पोहून संगीताचे विखुरलेले स्वर गोळा करावे लागतात. तिचे नाव काढले की एरवी खेळाच्या बाजूने भांडणारी माणसेही विषय बदलतात.

डावखुऱ्यांची तक्रार वेगळी होती आणि तिला इतिहासाचा आधार होता. लिंक मूळचा डावखुरा. २००६ च्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये बहुसंख्य खेळाडू रिमोट उजव्या हातात धरणार हे ध्यानात आल्यावर कंपनीने अख्ख्या राज्याचा नकाशाच आरशात पाहिल्यासारखा उलटवला. वाळवंट पश्चिमेचे पूर्वेला गेले, पण नायकाचा हात पडद्यावर उजवा दिसू लागला. एका माणसाची सवय बदलण्यापेक्षा भूगोल बदलणे सोपे पडले, असे उदाहरण सरकारी खात्यांतही क्वचितच सापडेल. ‘स्कायवर्ड सोर्ड’मध्ये मात्र लिंकला सरळ उजवखुरा करून टाकले. कल्पित जगात आपला एकमेव शूर प्रतिनिधीही शेवटी बहुमताला शरण गेला, असे डावखुऱ्यांनी म्हटले आणि रिमोट उजव्या हातात घेतला.

परीक्षणांनी या वादात तेल ओतले. जपानच्या ‘फामित्सू’ साप्ताहिकाने ४० पैकी ४० गुण दिले, ‘आयजीएन’ने आणि ब्रिटनच्या ‘एज’ मासिकाने १० पैकी १०. मेटाक्रिटिकवरची सरासरी ९३ वर जाऊन बसली. फक्त ‘गेमस्पॉट’ने ७.५ दिले आणि हातवाऱ्यांच्या नियंत्रणावर नाराजी नोंदवली. शाळेत ज्या गुणांवर घरी पेढे वाटले जातात त्या गुणांवर इथे धिंगाणा झाला. परीक्षकाला खेळताच येत नाही, त्याने रिमोट चुकीचा धरला, असे आरोप झाले. आरोप करणाऱ्यांपैकी कित्येकांनी तोवर खेळाचे खोकेही पाहिले नव्हते, ही अडचण कोणालाच जाणवली नाही. याच प्रकाशनाने पाच वर्षांपूर्वी ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ला ८.८ दिले होते, तेव्हाही असाच शंख झाला होता. झेल्डाभक्ताच्या गणितात १० म्हणजे न्याय, ९ म्हणजे खोडसाळपणा आणि त्याखाली राष्ट्रद्रोह. त्याच भक्ताला पुढे महिनाभर घिराहिमशी झुंजल्यावर त्याने स्वतः दिलेले गुण विचारले असता तो वेगळ्या विषयाकडे वळे.

हातवाऱ्यांवर दुमत होते, फायवर नव्हते. फाय ही तलवारीत राहणारी निळी दूती. तिचे काम नायकाला सल्ला देणे, आणि ती ते शक्यतेच्या टक्केवारीत करते. गावातला म्हातारा एखादी गोष्ट सांगतो. तो वळताच फाय प्रकटते आणि म्हाताऱ्याने सांगितलेल्या गोष्टीत तथ्य असण्याची शक्यता अमुक टक्के आहे, असे कळवते. जीव कमी झाला तर टुकटुक वाजवून सांगते, आणि तो कमी झाल्याचे तोवर खेळाडूच्या चेहऱ्यावरूनही दिसत असते. तिचे सर्वांत गाजलेले कर्तव्य म्हणजे रिमोटची बॅटरी संपत आल्याचे सांगणे. देवीने युगानुयुगे जपून ठेवलेली दिव्य शक्ती पेन्सिल सेलची चौकशी करते, तेव्हा महाकाव्याचा सूर थोडा उतरतो. गंमत अशी की आगाऊपणाबद्दल सर्वाधिक नावडलेल्या या पात्राच्या निरोपाच्या प्रसंगी बरेच खेळाडू गहिवरले. सल्ले थांबल्याचा आनंद त्यात किती होता, हे फायच टक्केवारीत सांगू शकली असती.

पुनरुक्ती हा खेळाचा दुसरा गुण. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की आधी पन्नासदा उचललेला किडाही नव्याने सापडल्याच्या थाटात हातात धरून दाखवला जाई, त्याची माहिती वाचावी लागे आणि मग तो थैलीत जाई. जंगल, ज्वालामुखी आणि वाळवंट या तीन प्रदेशांत फिरून फिरून परतावे लागे. ‘इम्प्रिझन्ड’ हा अजस्र, काळा राक्षस तीनदा बंधनातून सुटतो आणि तीनदा त्याच्या पायाची बोटे छाटून त्याला आवरावे लागते. तिसऱ्या खेपेला भीती त्या राक्षसाची उरत नाही, चौथ्या खेपेची वाटते.

मग खरा दोषही निघाला, आणि तो हातांचा नव्हता, तोंडाचा होता. उत्तरार्धात वीरगीताचे तुकडे तीन प्रदेशांतून गोळा करायचे असतात. वाळवंटातला भाग आधी उरकून तिथल्या गोरोन जमातीतल्या एकाशी पुन्हा गप्पा मारल्या, तर उरलेल्या दोन प्रदेशांतले प्रसंग सुरूच होत नसत आणि खेळ कायमचा अडकून पडे. राक्षसांना पुरून उरलेला नायक सौजन्यापायी अडकला. वी यंत्रावर खेळ परस्पर दुरुस्त करण्याची सोय नव्हती, म्हणून कंपनीने केवळ बिघडलेली नोंद सुधारण्यासाठी वेगळा ‘चॅनल’ काढून तो फुकट उतरवून घ्यायला दिला. यावरची प्रतिक्रिया आश्चर्यकारकरीत्या सौम्य होती. मनगटावर अविश्वास दाखवणारे यंत्र माणसाला सहन होत नाही. पन्नास तासांची मेहनत गिळणारे, माफी मागितली तर चालते.

डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये ‘हायरूल हिस्टोरिया’ हा ग्रंथ निघाला आणि मालिकेचा अधिकृत कालक्रम त्यात छापला गेला. पंचवीस वर्षे स्वतःचे कालक्रम जोपासलेल्या अभ्यासू भक्तांचा एक वर्ग लगेच रिमोट खाली ठेवून त्या तीन फाट्यांच्या वंशावळीवर तुटून पडला. या वर्गाची मनगटे कधीच दुखली नाहीत.

दहा वर्षांनी, १६ जुलै २०२१ रोजी, हाच खेळ स्विच यंत्रावर सुधारून आला. फाय बरीचशी गप्प झाली होती, किड्यांची ओळख एकदाच होत होती, आणि मुख्य म्हणजे हात अजिबात न हलवता खेळण्याची मुभा मिळाली होती. उजवी कांडी ज्या दिशेला ढकलावी त्या दिशेला वार. सोफ्याचा विजय झाला. पण कांडी तलवारीला दिल्यामुळे दृश्य फिरवायला आणखी एक बटण दाबून धरावे लागे, आणि बोटांची कसरत होते अशी तक्रार आली. हाताने खेळून पाहणाऱ्यांपैकी काहींना उलट तलवार फिरवण्यात मजा येते असा साक्षात्कार झाला. २०११ साली हेच सांगणाऱ्या पंथाने तो थंडपणे ऐकून घेतला. जुन्या खेळाला साठ डॉलर का, म्हणजे मूळ किमतीपेक्षा दहा डॉलर जास्त का, हा प्रश्न दोन्ही पंथांनी एकमुखाने विचारला. सर्वांत मोठा गदारोळ मात्र एका बाहुलीवरून झाला. झेल्डा आणि तिच्या पक्ष्याची ‘अमिबो’ बाहुली वेगळे पैसे मोजून घेतली, तर जमिनीवर कुठूनही थेट आकाशात जाता येई आणि त्याच जागी परतता येई. न घेणाऱ्याला पूर्वीसारखे जवळच्या पक्षीपुतळ्यापर्यंत चालत जावे लागे. हात हलवायला लागतो या तक्रारीचा निकाल लागला होता. लिंकला चालायला लागते ही तक्रार दाखल झाली.