बेस जरा वाढव

नातेवाइकांत त्याचे वडील सांगतात, "कॉम्प्युटरवर असतो." यात खोटं काहीच नाही. सकाळी अकरापासून पहाटे तीनपर्यंत हा प्राणी कॉम्प्युटरवरच असतो. फक्त त्या कॉम्प्युटरमधून महिनाअखेरीला पगार बाहेर येत नाही. कार्डावर 'संगीतकार, संयोजक, ध्वनिमुद्रक' असं छापलेलं असतं. 'गायक न आल्यास गायक' ही चौथी ओळ त्याने विनयाने गाळलेली असते.

त्याचा स्टुडिओ म्हणजे कोथरूड, डोंबिवली किंवा सांगलीतल्या फ्लॅटची आतली खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. घर शुद्ध शाकाहारी, त्यामुळे इतके ट्रे आले कुठून याची चर्चा सोसायटीत अजून संपलेली नाही. त्या ट्रेंनी बाहेरचा आवाज अडत नाही हे त्यालाही ठाऊक आहे, पण आता काढायला गेलं तर भिंतीचा रंगही निघून येईल. आवाज खरा शोषून घेतं ते आईचं साड्यांचं कपाट. त्याची दारं सताड उघडायची, समोर माइक, मागे दोन गोधड्या टांगायच्या, की गळा कसा स्वच्छ येतो! मराठीतली कितीतरी भक्तिगीतं पैठण्यांकडे तोंड करून गायलेली असणार. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद, भर मे महिन्यातही. गायिका अंतऱ्याला घामाघूम होते आणि ऐकणारे म्हणतात, काय आर्त गायलीय!

एके काळी ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत ढीगभर वादक एकत्र बसायचे. शेवटच्या ओळीला एका व्हायोलिनवाल्याचा सूर घसरला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आता ते सगळे वादक याच्या हार्ड डिस्कमध्ये राहतात. व्हिएन्नातल्या कुणी तरी एकेक सूर वाजवून ठेवलाय, हा त्यांना बोटांनी जागे करतो. ते चहा मागत नाहीत, लोकलचं कारण सांगत नाहीत. ढोलकीपाशी मात्र ही सगळी व्हिएन्ना पालथी पडते. डाव्या पुडीचा घुमारा कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही. मग एक ढोलकीवाला बोलवावा लागतो. तो एक तास उशिरा येतो, दहा मिनिटांत असा तोडा वाजवून जातो की उरलेलं गाणं त्याच्यापुढे फिकं वाटायला लागतं, आणि पैसे जागच्या जागी रोख घेतो. या धंद्यातला खरा शहाणा माणूस तोच.

गिऱ्हाइकाची तऱ्हा काय सांगावी! निवडणूक आली की प्रचारगीतवाले येतात. चौघं बसतात, पाचवा दारात उभा राहून फोनवर बोलत असतो.

"दादा, सैराटसारखं वाजलं पाहिजे."

2016 च्या 'सैराट' सिनेमासाठी संगीतकार अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या सिंफनी वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतलं होतं. इथे बजेट 15 हजार, त्यात गायक, कोरस आणि चौघांचा चहा. तरी हा "करू या ना" म्हणतो. कोरस तो एकटाच गातो, बारा वेळा. एकदा माइकजवळ, एकदा लांबून, एकदा नाक दाबून. ऐकणाऱ्याला वाटावं, अख्खा तालुका उमेदवाराच्या पाठीशी उभा आहे.

मग गायक. तो हमखास उमेदवाराचा मेहुणा असतो.

"पट्टी कोणती?"

"कुठलीही चालते आपल्याला."

हे मात्र शब्दशः खरं निघतं. मुखडा काळी एकमध्ये, पहिला अंतरा पांढरी दोनमध्ये, दुसरा या दोहोंच्या मध्ये कुठे तरी. हा चेहऱ्यावरची माशी हलू देत नाही. "छान! सेफ्टीसाठी अजून एक घेऊ," म्हणत चार वेळा गाऊन घेतो आणि रात्री एकेक अक्षर कापून जोडतो. त्याचा भरवसा बेसूर गळा सुरात आणणाऱ्या ऑटो-ट्यूनवर. 1997 साली ते बाजारात आणणारे अँडी हिल्डेब्रँड आधी भूगर्भातल्या लहरींचा अभ्यास करून तेल कुठे आहे ते हुडकायच्या कामात होते. त्याच जातीच्या गणिताने हा मेहुण्याच्या गळ्यातला षड्ज हुडकतो. तेल त्या मानाने लवकर सापडत असावं.

गाणं तयार झालं की खरी परीक्षा. याने कर्ज काढून घेतलेल्या स्पीकरवर चार रात्री घासून मिक्स केलेलं असतं. उमेदवार भाऊ ते मोबाइलवर ऐकतात आणि निकाल देतात, "बेस जरा वाढव." मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून खर्ज येतच नाही, ही पदार्थविज्ञानाची अडचण भाऊंना समजावण्यात अर्थ नसतो. हा त्या खर्जात थोडी घरघर मिसळतो. वरचे सूर मोबाइलवर वाजतात आणि खालचा सूर कान आपल्या पदरचा भरून काढतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर शेवटचा उपाय. भाऊंना शेजारी बसवायचं आणि कुठेच न जोडलेलं एक बटण सावकाश फिरवायचं.

"आता?"

"हां! आता कसं!"

तेच गाणं दुसऱ्या दिवशी रिक्षावरच्या भोंग्यातून गल्लोगल्ली फिरतं. भोंग्यात बेस नाही, तंतुवाद्यं नाहीत, व्हिएन्ना नाही. फक्त मेहुणा ऐकू येतो.

पैशांच्या बाबतीत मला याची कीव कमी येते, राग जास्त. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने चित्रपटगीतांच्या संगीतकाराला आणि गीतकाराला थिएटरबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीचा वाटा दिला, आणि तो त्यांना लिहून देऊन टाकता येत नाही. हे कलम त्याला तोंडपाठ. चहाच्या टपरीवर नवख्यांना यावर तासभर ऐकवतो. आणि स्वतःच्या पहिल्या सिनेमाच्या करारावर, 'सर्व हक्क निर्मात्याकडे' असं लिहिलेल्या ओळीखाली, न वाचता सही करून आलेला असतो. विचारलं तर म्हणतो, "अरे, नाव तर येईल ना!" नाव येतं. दिवे लागून लोक उठायला लागले की येतं.

तेव्हा तुमच्याकडे बारसं, एकसष्टी, मंडळाची आरती असं काही असेल आणि गाणं करून घ्यायचं असेल, तर त्याच्याकडेच जा, काम चोख करतो. गायक कुणीही आणा, त्याचा बंदोबस्त होतो. फक्त निम्मे पैसे चाल ऐकायच्या आधी द्या, उरलेले फाइल घेताना. आणि बेस पुरेसा आहे.