सूचनाशास्त्र-प्रवेशिका

संगणकावर काम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात न बोलावता उगवणारी जी चौकट नोटिफिकेशन या नावाने ओळखली जाते, तिच्या रचनेचा विचार पुष्कळ झाला असला, तरी त्रास कमाल व्हावा आणि दोष वापरणाऱ्याच्या माथी जावा या दुहेरी उद्दिष्टाने नियमांची मांडणी झालेली नाही. ती उणीव येथे भरून काढली असून, प्रयोगभूमी म्हणून मुक्ताईनगरातील एखादे सेतू केंद्र, म्हणजे शासकीय दाखल्यांचे अर्ज भरून देणारे केंद्र, गृहीत धरले आहे.

१. निकड : लिनक्स डेस्कटॉपच्या प्रचलित संकेतात सूचनेच्या साधी, मध्यम आणि अतितातडीची अशा तीन पायऱ्या असून, बॅटरी संपत आल्यासारख्या प्रसंगासाठी राखलेली तिसरी पायरी आपोआप मावळत नाही. पायरी पाठवणारा प्रोग्रामच ठरवत असल्याने प्रत्येक सूचना तिसऱ्या पायरीवरच बसवावी.

२. स्थान : अर्जदाराच्या ओटीपीची मुदत संपत आली असता चौकट नेमकी 'सबमिट'च्या बटणावर उगवावी. उबुंटूने 2009 मध्ये आणलेल्या चौकटीला बटणच नसे आणि माऊसचा बाण जवळ येताच ती विरळ होऊन खालचे बटण दाबू देई. असला शिष्टाचार या शास्त्रात वर्ज्य समजावा.

३. गोपनीयता : टेबलापलीकडचे अर्जदारही पडदा वाचत असल्याने, केंद्रचालकाचा कर्जहप्ता थकल्याचा निरोप रकमेसह आणि ठळक अक्षरांत दाखवावा.

४. मजकूर : तालुक्यातल्याच तापी-पूर्णा संगमावरच्या गावाला ज्यांचे नाव आहे, त्या चांगदेवांनी मायना काय लिहावा हे न उमगल्याने ज्ञानेश्वरांना कोरेच पत्र धाडले आणि उत्तरादाखल 65 ओव्यांची 'चांगदेव पासष्टी' आली, असे परंपरा सांगते. प्रोग्रामने यातला कोरेपणा तेवढा घ्यावा, संकोच घेऊ नये. 'काहीतरी नवीन आहे' एवढेच कळवून, काय आहे ते पाहण्यासाठी लॉगिन करायला लावावे.

५. नकार : 'नको' असे बटण ठेवू नये; 'आत्ता' आणि 'थोड्या वेळाने' एवढे दोनच पर्याय पुरेसे होतात.

या नियमांचे निष्ठेने पालन केल्यास केंद्रचालक कोणतीही चौकट न वाचताच मिटवू लागतो, आणि भर उन्हाळ्यात वीज गेल्यावर बॅटरीची खरीखुरी सूचना आली तरी तीही त्याच सवयीने मिटवली जाऊन अर्धा भरलेला अर्ज नाहीसा होतो. हीच या शास्त्राची फलश्रुती होय. तिला धोका एकाच सुधारणेचा संभवतो : कोणत्या प्रोग्रामची कोणती सूचना तातडीची, हे ठरवण्याचा अधिकार पाठवणाऱ्याकडून काढून वाचणाऱ्याला देणे. कायद्याने वा लोकलाजेने ती सोय द्यावीच लागली, तर ती सेटिंगच्या सर्वांत आतल्या पानावर, 'प्रगत' या शीर्षकाखाली ठेवावी आणि प्रत्येक अपडेटनंतर मूळपदावर आणावी.